घरबसल्या कप्तान?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘घरबसल्या बोटीचे कप्तान व्हा’ अशा आशयाच्या जाहिराती गेले वर्षभर माझ्या मोबाइलवर वरचेवर येत आहेत. स्पर्धा परीक्षांपासून तबल्यापर्यंत सर्व काही पडद्यावर शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपल्या शहराला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नाही. तरीही या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले, कारण निवृत्तीनंतर मी स्वतः असा अभ्यास 7 महिने केला, सराव परीक्षांत 100 पैकी 94 पर्यंत गुण मिळवले आणि त्यानंतर रायगड जिल्ह्यातील एका लहानशा धक्क्यावर, भर दुपारी, दहा-बारा माणसांच्या देखत, एक चांगली बोट धक्क्याच्या टायरांवर आपटली.

आधी ‘कप्तान’ या शब्दाचा उलगडा केला पाहिजे, कारण जाहिरातींत तो इतका सैल वापरला जातो की आपण नेमके कशासाठी पैसे भरत आहोत हे वाचणाऱ्याला कळत नाही. परदेशी जाणाऱ्या व्यापारी जहाजाचा कप्तान होण्याचा मार्ग नौवहन महासंचालनालयाच्या परीक्षांमधून जातो. एक वर्षाची पदविका, मग प्रत्यक्ष जहाजावर 18 महिने, त्यानंतर सेकंड मेट, फर्स्ट मेट (हे कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी) आणि सर्वांत शेवटी मास्टर, म्हणजे कप्तान, असा तो अनेक वर्षांचा जिना आहे. खाडी, नदी आणि जलाशयांत चालणाऱ्या यांत्रिक बोटींची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठीचा 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला आणि बोट चालवणाऱ्याच्या पात्रतेचे प्रमाणपत्र हा त्याचाच भाग आहे. तिसरा प्रकार अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या परवान्याचा, ज्यावर भाडे घेऊन जास्तीत जास्त 6 प्रवासी लहान बोटीतून नेता येतात. महाजालावर जे अभ्यासक्रम सहज सापडतात, ते बहुतेक या तिसऱ्या परवान्याचे असतात. त्याचा लेखी भाग घरी बसून शिकता येतो हे खरेच आहे. परंतु त्याच अर्जासोबत 360 दिवसांचा पाण्यावरचा अनुभव लेखी द्यावा लागतो, त्यातील 90 दिवस गेल्या 3 वर्षांमधले असावे लागतात आणि निदान 4 तास पाण्यावर काढल्याशिवाय तो दिवस मोजला जात नाही, हे जाहिरातीत कुठेही नसते. मी अभ्यासक्रमाचे पैसे भरले तेव्हा मलाही हे ठाऊक नव्हते. चूक माझी, कारण नियमावली वाचण्याआधी मी सवलतीची शेवटची तारीख वाचली.

ऑनलाइन अभ्यासाला नावे ठेवण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. समुद्रावर टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम जितके चांगले पडद्यावर शिकता येतात, तितके ते कोणत्याही वर्गात शिकवले जात असतील असे मला वाटत नाही. रात्री अंधारात समोर दिसणारे दोन पांढरे, एक हिरवा आणि एक तांबडा दिवा म्हणजे समोरून आपल्यावर येणारे जहाज, आणि त्यातला हिरवा दिवा दिसेनासा झाला म्हणजे ते वळले आहे, ही गोष्ट फळ्यावर खडूने काढून समजत नाही. हलत्या चित्रात ती एका मिनिटात समजते आणि दहा वेळा पुन्हा पाहता येते. भोंग्यांच्या खुणा मी रात्री अकरा वाजता कानाला यंत्र लावून पाठ केल्या. एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझे इंजिन उलटे चालू आहे, आणि पाच म्हणजे तुमचा विचार काय आहे ते मला कळत नाही. (हा पाच भोंग्यांचा संकेत पुण्याच्या चौकांतही लागू करावा अशी माझी एक जुनी इच्छा आहे.) नकाशावरचे काम तर घरीच व्हावे. जेवणाच्या टेबलावर कागदी नकाशा पसरून, समांतर पट्टी आणि शाळेच्या कंपासपेटीतले ते बिनकामाचे वाटणारे कर्कटक घेऊन सागरी मैल मोजण्यात जो आनंद आहे, तो मला नोकरीच्या उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. एक सागरी मैल म्हणजे 1852 मीटर, हे आमच्या घरात आता पोळ्या करणाऱ्या मावशींनाही पाठ झाले आहे.

आता त्या धक्क्याविषयी. एका स्नेह्यांच्या ओळखीने रायगड जिल्ह्यातील एका तांडेलांकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्यांकडे, मी आठ दिवस शिकायला गेलो. वय साठीच्या पुढचे, बोलणे मोजके, समुद्राशी नाते तीन पिढ्यांचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुकाणू माझ्या हाती दिले आणि बोट धक्क्याला लावायला सांगितले. ओहोटी चांगली लागली होती, खाडीचे पाणी समुद्राकडे ओढत होते आणि मी ज्या बाजूने येत होतो त्या बाजूने तो ओघ बोटीच्या पाठीमागून येत होता. धक्क्याला लागताना प्रवाहाच्या तोंडावर यावे, म्हणजे पाणीच बोटीला आवर घालते, हा प्रश्न सराव परीक्षेत मला किमान चार वेळा आला होता आणि चारही वेळा मी बरोबर पर्यायावर खूण केली होती. त्या दुपारी मात्र माझे सगळे लक्ष धक्क्यावर होते. पाणी कोणत्या दिशेला वाहते आहे हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून मला पडलाच नाही. बोट थांबेना, तेव्हा मी इंजिन उलटे टाकले. बहुतेक बोटींचा पंखा उलटा फिरू लागला की बोटीची मागची बाजू डावीकडे ओढली जाते, हेही मी शिकलो होतो आणि चित्रासहित शिकलो होतो. धक्का माझ्या उजव्या हाताला होता. त्यामुळे मागची बाजू धक्क्यापासून दूर गेली, नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, धक्क्याकडे वळली आणि पुढचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. टायर होते म्हणून लाकूड वाचले. तांडेलांनी आरडाओरडा केला नाही. “साहेब, धक्क्याकडं नंतर बघा, आधी पाण्याकडं बघा,” एवढेच ते म्हणाले आणि बोट पुन्हा खाडीच्या मध्यावर नेऊन त्यांनी सुकाणू परत माझ्याच हाती दिले. त्या दिवशी मी 11 वेळा धक्क्याला लागलो. सातव्या खेपेनंतर पायांखालच्या फळ्यांची थरथर बदलली की इंजिन किती ओढते आहे ते कळू लागले. हे कोणत्या धड्यात लिहावे आणि कसे लिहावे, हे मला आजही सुचत नाही.

याहून गंभीर प्रकार पाचव्या दिवशी घडला. समोरून मासेमारीची एक बोट सरळ आमच्या रोखाने येत होती. दोन यांत्रिक बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनीही आपापल्या उजवीकडे वळावे, हा नियम क्रमांक 14, आणि तो मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. प्रत्यक्षात माझ्या हातांनी सुकाणू डावीकडे टाकायला सुरुवात केली. मी 40 वर्षे पुण्यात स्कूटर चालवली आहे. समोरून कोणी अंगावर आले की डावीकडे सरायचे, हे माझ्या मनगटांत मुरलेले आहे आणि मनगटे पाठांतर ऐकत नाहीत. तांडेलांनी माझ्या हातावर हात ठेवून सुकाणू फिरवले. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की अमेरिकेतला विद्यार्थी रस्त्यावरही उजव्या बाजूनेच गाडी चालवतो, त्यामुळे त्याची सवय आणि समुद्राचा नियम एकाच दिशेला जातात. आपल्याकडे ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. तिकडे तयार झालेल्या अभ्यासक्रमाला ही अडचण ठाऊक असण्याचे कारणच नाही.

बंदरात शिरताना दिसणाऱ्या तरंगत्या खुणांची कथाही तशीच. अभ्यासक्रमात मला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले की समुद्रातून बंदराकडे परतताना तांबड्या खुणा आपल्या उजव्या हाताला असल्या पाहिजेत. त्यासाठी अनुप्रासाचे एक इंग्रजी सूत्रही आहे, जे एकदा डोक्यात शिरले की निघत नाही. मात्र जगात या खुणांचे दोन विभाग आहेत. अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्समध्ये तांबडे उजवीकडे. भारतासह उरलेल्या बहुतेक जगात तांबडे डावीकडे. म्हणजे घरी बसून घोकलेले ते सूत्र घेऊन कोणी मुंबई बंदरात शिरला, तर खोल पाण्याचा मार्ग सोडून तो नेमका उथळाकडे जाईल. ही चूक अभ्यासक्रमाची नाही, तो ज्यांच्यासाठी केला त्यांच्यासाठी तो बिनचूक आहे. आपल्याकडे तो अभ्यासक्रम जो विकतो त्याने ही ओळ पहिल्या पानावर छापली पाहिजे.

इथवर वाचून मी ‘हाताला काम असेल तरच विद्या’ या पक्षाचा आहे असा समज होईल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. या तांडेलांच्या घरी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक नाही. ते तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी पुरे भरणार. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते आणि पाऊणपटीचा हिशेब 45 मिनिटांचा आहे, त्यामुळे हे ढोबळ गणित आश्चर्य वाटावे इतके जवळ जाते. मी आठही दिवस छापील वेळांशी ताडून पाहिले आणि फरक तासाच्या आतच राहिला. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी शाळेच्या भूगोलात दोन गुणांसाठी पाठ केले. हे गृहस्थ पहाटे ओटीवर उभे राहून गालाला लागणाऱ्या वाऱ्यावरून मतलई किती वेळ टिकेल ते सांगतात. असा माणूस, आणि तरीही परतीच्या वाटेवर मांडव्याच्या बाजूला गाळ काढणारे एक जहाज दिसले, तेव्हा त्याच्या एका अंगाला टांगलेले दोन काळे गोळे आणि दुसऱ्या अंगाला टांगलेले दोन काळे शंकरपाळे कशासाठी आहेत, हे त्यांना सांगता आले नाही. “असतं कायतरी त्यांचं,” असे ते म्हणाले. गोळ्यांच्या बाजूला अडथळा असतो आणि शंकरपाळ्यांच्या बाजूने सुरक्षित जाता येते. रात्री गोळ्यांच्या जागी तांबडे आणि शंकरपाळ्यांच्या जागी हिरवे दिवे असतात. मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी बोटीवर काम करणाऱ्या आपल्या मुलाला हाक मारली आणि मला ते पुन्हा सांगायला लावले. इतकी वर्षे ते अशा जहाजांना केवळ अंदाजाने, लांबचा वळसा घालून टाळत आले होते. नशीब आणि सावधपणा यांनी त्यांना सांभाळले.

पुण्यात पुस्तक आहे आणि पाणी नाही, तर किनाऱ्यावर आणि धरणांच्या काठी पाणी आहे आणि पुस्तक नाही. ऑनलाइन अभ्यासाची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे, ते माझ्यासारखे हौशी निवृत्त लोक नव्हेत. ज्यांची बोट चालवण्यात हयात गेली, पण नियमांची भाषा ज्यांच्यापर्यंत कधी पोहोचली नाही, त्या खलाशांना, तांडेलांना आणि जलाशयांतल्या नावाड्यांना ती गरज आहे. 7 महिन्यांत मला या विषयावर इंग्रजीत शेकडो तासांचे धडे सापडले, मराठीत सलग ऐकता येईल असा एकही सापडला नाही.

जलाशयांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जणांचा जीव गेला, हे आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर घडले. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईजवळ ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून 15 जण गेले. या दोन्ही घटनांत कोणाचा किती दोष, हे ठरवणे माझे काम नाही आणि दोहोंची कारणेही एक नाहीत. परंतु दोन्ही वेळा जीवरक्षक जॅकेटांची चर्चा आठवडाभर झाली आणि सुकाणू धरणाऱ्याला कोण, काय आणि कसे शिकवते याची चर्चा फारशी झालीच नाही. वळवाच्या आभाळाचा रंग बदलला की किती मिनिटांत वारा येतो, भरलेली बोट वाऱ्याला आडवी सापडली तर काय होते, अशा वेळी माणसांना उभे राहू न देता खाली मध्यभागी का बसवायचे, यातील अर्धे ज्ञान पडद्यावरून देता येते आणि अर्धे पाण्यावरच द्यावे लागते.

पुण्याला समुद्र नसल्याने येथे पाण्यावरचे शिक्षण कसे द्यायचे, असा प्रश्न विचारला जाईल. हे शहर पाण्याला इतके परके नाही. मुळा-मुठेच्या पात्रात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची रेगाटा, म्हणजे बोटींचा वार्षिक सोहळा, 1928 पासूनची आहे. तेथेच विद्यार्थिदशेत वल्हे पाण्यात किती बुडवायचे हे मला तळहातांवरच्या फोडांनी शिकवले होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाच्या बोटी चालवायला शिकतात. तळेगावजवळ आणि लोणी काळभोरला नौवहनाचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत आणि त्यादेखील आपल्या विद्यार्थ्यांना शेवटी जहाजावर पाठवतातच. खडकवासल्याच्याच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात, जे 1916 पासून चालू आहे, बंदरांच्या आणि खाड्यांच्या प्रतिकृती जमिनीवर बांधून त्यांत खरे पाणी सोडले जाते. संगणकावर गणिती प्रतिकृती करणारे शास्त्रज्ञ ज्या संस्थेत आहेत, त्याच संस्थेला पाणी पाण्यातच पाहावेसे वाटते, आणि आम्ही बाकीचे मात्र खडकवासल्याला फक्त कणीस खायला जातो. धरणांचे पाणी पिण्याचे असल्यामुळे तेथे इंजिनांचा धूर आणि तेल नको, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु वल्हे आणि शीड यांना तेल लागत नाही. वाऱ्याचा रोख, बोटीचा तोल, दोराच्या गाठी, पाण्यात पडलेल्या माणसाला वाऱ्याचा अंदाज घेऊन बोटीत कसे घ्यायचे, एवढे शिडाच्या बोटीवर शिकलेला माणूस खाडीवर गेल्यावर निम्म्या वेळात तयार होईल.

म्हणून संबंधित खात्यांकडे आपल्या दैनिकामार्फत काही गोष्टी मागाव्याशा वाटतात. बोट चालवण्याचा अभ्यासक्रम विकणाऱ्या प्रत्येकाने, तो कोणत्या देशाच्या कोणत्या परवान्यासाठी आहे आणि त्या परवान्यासाठी पाण्यावरचे किती दिवस लागतात, हे शुल्काच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. पाण्यावरच्या तासांची नोंदवही असावी आणि तीत सही करणारा माणूस प्रत्यक्ष शेजारी बसलेला, स्वतः परवानाधारक असावा. विकत मिळणाऱ्या अनुभवपत्रांना आपण इतर क्षेत्रांत किती सरावलो आहोत, हे वेगळे सांगायला नको. आणि महाराष्ट्र सागरी मंडळाने नियम, दिवे, भोंगे व जीवरक्षणाचे धडे मराठीत, ऐकता येतील असे करून विनामूल्य उपलब्ध करून द्यावेत, म्हणजे जाळी विणता विणता किंवा प्रवाशांची वाट पाहता पाहता ते ऐकता येतील. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसे घरी असतात. या दोन महिन्यांइतका सोयीचा शाळेचा हंगाम दुसरा नाही.

तोवर जे हाती आहे ते चालू आहे. तांडेलांचा मुलगा आठवड्यातून दोनदा रात्री फोन करतो आणि मी त्याला एकेक नियम मराठीत सांगून त्याचे ध्वनिमुद्रण पाठवतो. आजवर असे 19 नियम झाले आहेत आणि त्याच्या वाडीतली आणखी काही मुले ते ऐकतात असे तो सांगतो. मोबदल्यात भाद्रपद संपला की त्याच्या वडिलांकडे आणखी पंधरा दिवस जायचे ठरले आहे. माझ्या नोंदवहीत आजपर्यंत पाण्यावरचे 8 दिवस आहेत. एखाद्या संस्थेला ही ध्वनिमुद्रणे तपासून, दुरुस्त करून वापरायची असतील, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता
कोथरूड, पुणे